किल्ली कुणाकडे होती?

मंगळवारची दुपार, ऑफिसात मीटिंग रंगात आलेली आणि मोबाइलवर अनोळखी नंबर. "तुमच्या मुलानं स्कूटर माझ्या कारवर घातली. बेचाळीस हजारांचं एस्टिमेट आहे. काय करताय?"

मुलगा १५ वर्षांचा. घटस्फोटानंतर तो आईकडे, कोथरूडला. माझ्या वाट्याला वीकेंड. त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "मग त्याच्या आईला विचारा ना!" (आता लाज वाटते.)

"साहेब, स्कूटर तुमच्या नावावर आहे."

खरंच की! कोर्टात आम्ही फ्लॅट वाटला, एफडी वाटल्या, मुलाच्या सुट्ट्यासुद्धा वाटल्या. स्कूटर राहिली तिच्या पार्किंगमध्ये आणि आरसी माझ्या नावावर.

वकील मित्राला फोन लावला. म्हणाला, "ताबा तिच्याकडे गेला, तुझं पालकत्व नाही गेलं." हिंदू कायद्यात बाप नैसर्गिक पालक असतोच, आईचं पालकत्व बापाच्या मरणाची वाट बघत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितलं. नुसता बाप आहे म्हणून भरपाई माझ्यावर येत नाही, पण माझा स्वतःचा हलगर्जीपणा दिसला तर येते. आणि गाडीचं गणित आणखी कडक. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९-अ पालक किंवा गाडीमालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सुटायचं तर आपल्याला माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे आपणच सिद्ध करायचं. विम्याचाही भरवसा नाही. कंपनीनं समोरच्याला पैसे दिले, तरी ते मालकाकडून वसूल करू शकते.

मग तिला फोन. "किल्ली दाराजवळच्या हुकाला का टांगतेस?"

"आणि चालवायला कुणी शिकवलं? गेल्या दिवाळीत, पानशेतच्या रस्त्यावर?"

मी गप्प. तो माझाच वीकेंड होता.

कारवाल्यानं पोलिसांत जायचं टाळलं, हे आमचं नशीब. पैसे निम्मे-निम्मे भरले. लेकाला घेऊन दोघंही माफी मागायला गेलो; तिथे तो आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता, बऱ्याच वर्षांनी.

शनिवारी एका कॅफेत भेटून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, स्कूटर तिच्या नावावर करायला. फॅमिली कोर्टानंतर आमच्या सह्या पहिल्यांदाच एका कागदावर आल्या. किल्ली आता तिच्या पर्समध्ये असते. माझ्या बाइकची माझ्या खिशात, वीकेंडलाही.