टेप तर बसला, पण गाडीला बोलता येतं का?

ट्रकमध्ये सगळ्यात आधी काय बदलायचं? घरच्या गाडीवर नुकत्याच बसलेल्या कोल्हापूरच्या कुठल्याही पोराला विचारा, उत्तर ठरलेलं. टेप! कॅसेट जाऊन जमाना झाला, सीडी आली नि गेली, पेन ड्राइव्हही म्हातारा झाला. पण नऊ इंची अँड्रॉइड टचस्क्रीनलासुद्धा आपल्याकडं अजून 'टेप'च म्हणतात.

त्याच्या जोडीला आता स्कॅनर आलाय. काडेपेटीपेक्षा जरा मोठा निळा डबा, ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो. पोर्टमध्ये खुपसायचा, ब्लूटूथनं स्क्रीनला जोडायचा आणि इंजिन काय म्हणतंय ते काचेवर वाचायचं. रील्समध्ये तरी एवढं सोपं दिसतं. आता समजा, तुमची गाडी एमएच-०९, वय बारा-पंधरा वर्षं. वडिलांनी शिरोलीचं कास्टिंग आणि मार्केट यार्डातला गूळ ओढून तिचे हप्ते फेडलेत. स्टेअरिंग आता तुमच्या हातात आहे आणि आठ-दहा हजार खर्चायची तयारीही आहे. खर्चा की! फक्त त्याआधी गाडीला दोन प्रश्न विचारा. तुझं वायरिंग किती व्होल्टचं? आणि तुला बोलता येतं का?

चोवीसचं गणित

कारमध्ये एकच बॅटरी असते, १२ व्होल्टची. पिकअप आणि छोटे टेम्पोही १२ चेच. मोठ्या ट्रकला मात्र १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातला टेप कारसाठी बनवलेला, म्हणजे १२ चा. तो थेट २४ वर लावला तर पहिलं गाणं वाजायच्या आत धूर निघतो, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मग हमखास एक जुगाड होतो. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढायची. झाले की १२ व्होल्ट! टेप वाजतो, ड्रायव्हर खूश, वायरमनही खूश.

दुखणं दोन-तीन महिन्यांनी कळतं. टेप एकाच बॅटरीचं रक्त पितो. अल्टरनेटरला मात्र दोघी वेगळ्या दिसत नाहीत. तो दोघींची बेरीज बघून साधारण २८ व्होल्टनं चार्ज करत राहतो. मग जी रिकामी होत आली तिला कमी मिळतं आणि जी भरलेली आहे तिच्या डोक्यावर जास्त बसतं. एक उपाशी, दुसरीचं पाणी उकळून आटतंय. शेवटी दोघी एकदमच जातात, आणि ट्रकच्या बॅटऱ्यांची जोडी टेपपेक्षा महाग पडते. त्यात सेल्फ मारायला करंट नाही म्हणून गाडी पहाटे आंबा घाटात उभी राहिली, तर भाड्याचं नुकसान वेगळंच.

याला उपाय एकच, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखं घेतो. घेताना किती अँपिअरचा आहे ते बघा. टेपच्या मागं सहसा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, कन्व्हर्टर त्याला पुरणारा हवा. खोक्यावर '४ × ५० वॅट' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका; खरा आवाज त्याच्या निम्म्याहून कमी असतो. आणि बॅटरीकडून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची केबिन चासीवर मागाहून बांधलेली. आत लाकूड, रेक्झिन, फोम. काळी टेप गुंडाळलेला जोड हादऱ्यानं सुटून पत्र्याला टेकला, की पेटायला एवढं साहित्य पुरतं.

वायरींचे रंग जवळपास सगळ्या टेपना सारखेच असतात, ते पाठ करून टाका. पिवळी म्हणजे कायम चालू, टेपची आठवण हिच्यावर. लाल किल्लीवर. काळी अर्थ. पिवळी-लाल एकत्र करून थेट बॅटरीवर टाकली, तर गाडी उभी असतानाही टेप बॅटरी पीत बसतो. दोन्ही किल्लीवर टाकल्या, तर प्रत्येक वेळी सेटिंग शून्यापासून. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार जोड्या स्पीकरच्या. इथं जुन्या गाडीत एक सापळा असतो. पूर्वी स्पीकरची एक वायर टेपकडून आणायची आणि दुसरी तिथल्या तिथं बॉडीला अर्थ करायची पद्धत होती. आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एक पत्र्याला टेकली की आतला अ‍ॅम्प्लिफायर गेला. त्यामुळं प्रत्येक स्पीकरला नव्यानं दोन वायरी ओढा, जुन्या वायरिंगवर विसंबू नका. मागचा कॅमेरा लावणार असाल, तर तोही १२ चा असतो आणि रिव्हर्स लाइटची वायर २४ ची, हे वायरमनला आधीच सांगा.

राहिली हँडब्रेकची वायर, बऱ्याच टेपना फिकट हिरवी असते. गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसावा म्हणून कंपनीनं ती दिलेली. दुकानात सगळ्यात जास्त मागणी हिचीच: 'ती अर्थला मारून टाक भावा, चालू गाडीत पिक्चर दिसला पाहिजे.' नको. ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे, की गाडी चालवताना हातातला मोबाइल फक्त रस्ता शोधायला वापरायचा, तोही लक्ष न हलता. स्क्रीनवर नकाशा ठेवा, रिव्हर्स कॅमेरा ठेवा, गाणी जरूर लावा. पण भरलेला ट्रक ताशी ६० नं एका सेकंदात १६ मीटरहून जास्त पुढं जातो. हिरोनं एक फाइट मारेपर्यंत पुढचा ट्रॅक्टर आलेला असतो. (ऊस हंगामात त्या ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्यानं गाणी वाजत असतात की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही, हा विषय वेगळा.)

आता दुसरा प्रश्न

स्कॅनर इंजिनशी बोलत नाही. तो बोलतो इंजिनच्या संगणकाशी, म्हणजे ईसीएमशी. गाडीत ईसीएमच नसेल, तर डबा कुणाशी बोलणार? जुन्या १६१२ सारख्या गाडीत डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल आहे. दांडा, स्प्रिंग, गव्हर्नर, नोझल. तिथं वाचायला कोडच नाही. अशा गाडीसाठी स्कॅनर मागवणं म्हणजे मुक्या माणसाला फोन लावणं.

आपली गाडी कुठल्या पिढीची, हे कसं ओळखायचं? बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. बीएस-३ मोठ्या गाड्यांत मेकॅनिकल पंपवाल्याही सापडतात आणि कॉमन रेलवाल्याही. बीएस-६ च्या सगळ्याच गाड्या बोलतात. पण नंबर प्लेटच्या सालावर भरवसा नको. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टानं १ एप्रिलपासून बीएस-३ च्या विक्रीला बंदी घातली, तेव्हा उरलेला स्टॉक संपवायला शेवटच्या दोन दिवसांत भरमसाट सूट दिली गेली होती. म्हणजे २०१७ ची गाडी बीएस-३ असू शकते. नक्की काय ते वाहनाच्या ऑनलाइन माहितीत 'एमिशन नॉर्म्स'समोर लिहिलेलं असतं. त्याहून सोपं म्हणजे डॅशबोर्डखाली वाकून १६ पिनांचा पोर्ट आहे का बघा.

पोर्ट सापडला तरी उडी मारू नका. त्या पोर्टचे प्रमाणाप्रमाणं दोन प्रकार आहेत. १२ व्होल्टच्या पोर्टमध्ये दोन ओळींमधली खाच सलग असते, २४ व्होल्टच्या पोर्टमध्ये ती मध्ये तुटलेली. कारचा स्कॅनर ट्रकमध्ये जाऊच नये, म्हणून मुद्दाम. बसत नसेल तर तासून बसवू नका. त्या सोळा पिनांपैकी १६ नंबरच्या पिनेवर थेट बॅटरी असते, म्हणजे इथं २४ व्होल्ट. आणि स्वस्त डब्यातला रेग्युलेटर त्याला टिकेलच असं नाही.

दुसरी अडचण भाषेची. कार स्कॅनरला 'पी' नं सुरू होणारे कोड देते. मोठे ट्रक बहुतेक करून 'जे१९३९' ही वेगळी बोली बोलतात, ती कारसाठीच्या फुकट अ‍ॅपना नीट कळत नाही. स्वस्त डब्यांवर 'ईएलएम३२७' लिहिलेलं असतं. ती मुळात कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची चिप. तिची पहिली आवृत्ती कॉपी करण्यापासून सुरक्षित केलेली नव्हती, म्हणून जगभर तिच्या नकला निघाल्या. कारला त्या बऱ्यापैकी चालतात. ट्रकसाठी मात्र '२४ व्होल्ट' आणि 'हेवी ड्यूटी' असं स्पष्ट लिहिलेलाच स्कॅनर घ्या. तो महाग असतो. एकट्या गाडीला परवडत नसेल तर चार गाडीवाल्यांनी मिळून घ्यावा.

ट्रकच्या बोलीत कोडचे दोन आकडे असतात. पहिला कुठं दुखतंय ते सांगतो, दुसरा कसं दुखतंय ते. उदाहरणार्थ ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान. ११० पुढं शून्य आला तर इंजिन खरंच तापलंय. गाडी बाजूला घ्या, बंद करा. ११० पुढं ३ किंवा ४ आला तर सेन्सरच्या वायरचं व्होल्टेज गडबडलंय. वायर तुटली असेल, प्लगमध्ये पाणी गेलं असेल, उंदरानं कुरतडली असेल. इंजिन थंड असूनही पट्टी लाल दिसेल. हा फरक न बघता नुसतं 'टेंपरेचरचा कोड आलाय' असं फोनवर सांगितलं, की समोरचा थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर असं एकेक करत सगळं उतरवायला लावतो. आणि खरं काम असतं दोन इंच वायरचं.

रेलमधला डिझेलचा दाब कमी, या कोडचंही तसंच. कारण चोंदलेला फिल्टर असेल, कुठंतरी हवा धरत असेल, पंप थकला असेल, सेन्सर खोटं बोलत असेल. यातलं नक्की कुठलं, हे कोड सांगत नाही. आधी सगळ्यात स्वस्त ते तपासायचं, म्हणजे फिल्टर. पंपाला हात सगळ्यात शेवटी. ही क्रमवारी मिस्त्रीच्या डोक्यात असते, अ‍ॅपमध्ये नसते. कान लावून 'तिसऱ्या सिलिंडरचा नोझल बघ' म्हणणारी माणसं उद्यमनगरात आजही आहेत. स्कॅनर घेऊन त्यांच्याकडंच जायचं.

स्कॅनरमधलं सगळ्यात गोड बटण म्हणजे 'क्लिअर'. दाबलं की दिवा विझतो. पण कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. तोच दिवा पुन्हा केव्हा लागतो त्यावरून दुखणं सापडतं. दिवा विझवून गाडी विकणारेही आहेत. सेकंड हँड ट्रक बघायला जाताना स्कॅनर बरोबर न्या आणि गाडी निदान तास-दीड तास चालवूनच कोड वाचा.

याच्याच पुढची पायरी म्हणजे 'युरिया बंद करून देतो' म्हणणारे. बीएस-६ ट्रकच्या निळ्या झाकणाच्या टाकीतलं द्रावण संपलं की गाडी ताकद कमी करते, ड्रायव्हर वैतागतो. मग कुणी खोटा सिग्नल देणारा डबा बसवतो, कुणी शेतातली युरियाची गोणी पाण्यात विरघळवून टाकीत ओततो. टाकीत हवं ते ३२.५ टक्क्यांचं अतिशुद्ध द्रावण. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यानं इंजेक्टर आणि पुढचा कॅटॅलिस्ट चोंदतो. ते बदलायचं बिल आलं की चार पोत्यांत वाचवलेले पैसे आठवतात. खोट्या सिग्नलचा डबा तर सरळ बेकायदा, आणि धूर आपल्याच गावच्या हवेत.

गाडी मुकी निघाली, मग काय?

मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर नाराज होऊ नका. स्कॅनरच्या पैशात तिला ऑइल प्रेशरचं, तापमानाचं आणि व्होल्टचं अशी तीन चांगली मीटर बसतात. बहुतेक जुन्या गाड्यांत कंपनीची मीटर बंद पडलेली असतात आणि ती कधी बंद पडली हे घरात कुणालाच आठवत नाही. व्होल्टमीटरवर चालू गाडीत २७-२८ च्या आसपास दिसलं म्हणजे अल्टरनेटर ठीक. २४ वरच अडकलं, तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. बॅटरी बदलायची घाई नको. बाकीचं धूर सांगतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा एअर क्लीनर चोंदलेला, निळा म्हणजे ऑइल जळतंय, तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा म्हणजे नोझल किंवा हेड गॅस्केट दाखवून घ्या. आणि काही शे रुपयांचा मल्टिमीटर केबिनमध्ये कायम ठेवा. नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच.

ज्यांना हे सगळं वाचून हात शिवशिवायला लागलेत, त्यांच्यासाठी आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स आहे. कळंबा रोडची शासकीय आयटीआय सगळ्यांना माहीत आहेच. कोड वाचून वायरपर्यंत पोहोचणारा पोरगा आणि आवाजावरून नोझल ओळखणारा मिस्त्री, दोघं एकाच गॅरेजमध्ये असले तर हायवेवरच्या गाड्या वाकडी वाट करून तिथं येतील.

टेप बसवायला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. तेव्हा प्रत्येक दुकानासमोर गाड्यांची रांग असते, वायरमनला जेवायला फुरसत नसते आणि बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर निघते ती अशाच घाईत. हंगाम सुरू व्हायच्या आधी, पावसाळा सरत आला की एक अख्खा दिवस गाडी उभी करा. वायरमनशेजारी उभं राहून प्रत्येक जोड बघा, कुठला फ्यूज कुठं आहे ते स्केचपेननं झाकणाच्या आत लिहून ठेवा. आणि रात्री गाडी लावताना स्कॅनरचा डबा पोर्टमधून काढा. किल्ली बंद असली तरी तो करंट खात असतो.