येरवड्याचे भाषाशास्त्रज्ञ

पुण्यात येरवड्याला असलेल्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा विभाग उभा राहिला तो १९३९ मध्ये, बंद पडलेलं हे कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं तेव्हा. सुमित्र मंगेश कत्रे सुरुवातीपासून तिथे होते. कोकणीच्या घडणीवरचं त्यांचं पुस्तक १९४२ चं. पुढे संस्थेचे संचालक असताना त्यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत महाकोशाचं काम हाती घेतलं. ऋग्वेदापासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी शब्दचिठ्ठ्या हातांनी लिहिल्या गेल्या. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक असायला हवीत.

कोशाचे संपादक अमृत माधव घाटगे प्राकृतचे जाणकार. तरी त्यांनी बोलींचा अभ्यासही तितक्याच आस्थेने केला. कुडाळीवरचं त्यांचं पुस्तक १९६५ चं. पोथीतली भाषा आणि कुडाळच्या घराघरातली बोली, दोन्ही एकाच अभ्यासकाला सारख्याच मोलाच्या वाटाव्यात, हे मला या विभागाचं खरं वैभव वाटतं.

याच विभागातल्या ना. गो. कालेलकरांनी भाषाविज्ञान सोप्या मराठीत सामान्य वाचकापर्यंत नेलं. ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कॉर्नेल विद्यापीठात मराठीवर प्रबंध लिहून परतलेले अशोक केळकर १९६२ पासून इथे शिकवत होते. त्यांच्या ‘रुजुवात’ला हाच पुरस्कार २०१० मध्ये मिळाला.