सत्तर गुणिले सत्तर

वाशिमला अकोला नाक्याकडे माझं रेडियमचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून लाल पट्ट्या लावणं, गाडीच्या काचेवर ‘जय सेवालाल’, ‘गजानन माउली’ अशी अक्षरं कापून चिकटवणं, हे बारमाही काम. होळी झाली की गिऱ्हाईक काचेवर लावायची, ऊन अडवणारी फिल्म मागायला लागतं. हल्ली त्यात तरुण पोरं जास्त. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, रोल घरपोच आलेला असतो आणि ती फक्त विचारायला येतात, “भाऊ, घरीच लावतो म्हणतो. काहून नाही जमणार?”

जमतं. बाजूच्या दाराची काच जवळजवळ सपाट असते आणि नीट हाताच्या माणसाला ती दुसऱ्या-तिसऱ्या काचेपर्यंत जमून जाते. म्हणून मी कुणाला हातकामाची भीती घालत नाही. मी एकच विचारतो, “तुझी काच किती टक्क्यांची आहे?” याचं उत्तर आजवर क्वचितच कुणी दिलं आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी फिल्म लावत नव्हतो, खरवडत होतो. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिलला निकाल दिला आणि ४ मेपासून गाड्यांच्या काचांवर काळी फिल्मच काय, दुसरं काहीही चिकटवायला देशभर बंदी आली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे, त्यातही बायकांवरचे अत्याचार, हे त्यामागचं कारण होतं. ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम तर १९८९ पासूनचा आहे: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. न्यायालयानं त्याचा अर्थ असा लावला की हा उजेड कारखान्यातून आलेल्या काचेचाच धरायचा, वरून काही लावायचं नाही.

पुढे हाच नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात आतून प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षा काचही बसते. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. तो निकाल केरळचा आहे. आपल्याकडे नाक्यावरचा पोलीस काच डोळ्यांनीच जोखतो, आणि डोळ्यांना काळी दिसली की गाडी बाजूला. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की हा विषय अजून पुरता मिटलेला नाही. लावायचीच असेल तर अशी लाव की उजेड मोजणारा मीटर लावला तरी पास होईल आणि बाहेरून तुझा चेहराही दिसेल.

आता टक्क्यांचं. रोलच्या खोक्यावर ७० लिहिलेलं असतं आणि पोरगा समजतो, ५० च्या वर आहे, म्हणजे चाललं. पण ७० ही एकट्या फिल्मची बाब झाली. तुमची काच मुळात शंभर टक्के उजेड सोडतच नाही. हल्लीच्या गाड्यांना कंपनीतूनच हिरवट झाक असते. एखादी ७५ टक्के सोडते, एखादी ७०. काच आणि फिल्म यांचा गुणाकार करावा लागतो. ७५ टक्क्यांच्या काचेवर ७० ची फिल्म लावली की उरतात साडेबावन्न. थोडक्यात पास. तीच फिल्म ७० टक्क्यांच्या काचेवर लावली तर ४९, म्हणजे नापास. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर माझ्यासारख्या रोज काचा पाहणाऱ्यालाही फरक सांगता येणार नाही. त्याला मीटरच लागतो. पुढच्या काचेला तर ९० ची, जवळजवळ पारदर्शक फिल्म लावली तरी ७५ च्या काचेवर साडेसदुसष्टच भरतात. म्हणून पुढची काच मी हातात घेत नाही.

“मग एवढी पांढरी फिल्म लावून गारवा काय येणार?” हा पुढचा प्रश्न. उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. स्वस्त रंगवलेली फिल्म दिसणारा उजेड अडवते, हे किरण बऱ्याच अंशी आत येऊ देते आणि उन्हानं स्वतःच तापते. दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते ती वेगळीच. सिरॅमिक फिल्म उलटी वागते. उजेड येऊ देते, अवरक्त किरणांचा मोठा वाटा अडवते. फरक किमतीत आहे: एक शेकड्यांत मिळते, दुसरीला हजारो मोजावे लागतात. मधली एक धातूच्या थराची फिल्म असते, ती मोबाईलच्या आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करू शकते, म्हणून मी ती ठेवतच नाही.

आणि फिल्मकडून किती मागायचं, तेही पाहा. वाशिम साधारण वीस अक्षांशांवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या वेळी बाजूच्या काचेवर ऊन जवळजवळ पडतच नाही. गाडी तापते ती टपानं आणि पुढच्या कललेल्या काचेनं. तिथं दाराची फिल्म काय करणार? तिचा उपयोग सकाळी नऊला आणि दुपारी चारला, तिरप्या उन्हात. एक फायदा मात्र नक्की. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिक असल्यानं अतिनील किरण जवळजवळ सगळे तिथंच थांबतात. दाराच्या साध्या कडक काचेतून त्यांचा एक भाग आत येतो. रोज मंगरूळपीर-वाशिम ये-जा करणाऱ्या चालकाचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडलेला मी पाहतो. चांगली फिल्म ते किरण अडवते, आणि त्यासाठी ती काळी असावी लागत नाही.

घरी लावणाऱ्याचा खरा वैरी धूळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वावटळी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीचा भुसा. अंगणात गाडी उभी करून फिल्म लावली की दाणे आत अडकलेच. बंद खोली नसेल तर पहाटे, वारा पडलेला असताना, खाली सडा मारून काम करा. काच शाम्पूच्या पाण्यानं धुवा, ब्लेडनं खरवडा, पुन्हा धुवा; सुती फडकं नको, त्याचे धागे सुटतात. दाराच्या बटनांवर टॉवेल टाका, पाणी आत गेलं तर फिल्मपेक्षा महाग पडतं. फिल्म काचेच्या बाहेरच्या अंगाला अंथरून मापानं कापतात, मग आतून लावतात. पाठीचा पारदर्शक कागद सुटता सुटत नाही. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढले की सुटतो. सुटत असतानाच त्यावर पाणी फवारत राहायचं. मग रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी काढत न्यायचं. खालची कड दाराच्या रबराच्या आत गेली पाहिजे, नाही तर महिन्याभरात तिथूनच उचकटते. नंतर दिसणारे पाण्याचे ढगाळ डाग आपोआप वाळतात. हवेचे फुगे आणि धूळ मात्र राहतात, ते फिल्म काढूनच जातात.

मागच्या काचेचा हट्ट घरी धरू नये. ती दोन्ही दिशांनी वाकलेली असते, फिल्म सपाट. तिला हीट गननं आवळून त्या गोलाईत बसवावं लागतं. हात एका जागी थांबला की फिल्म जळते. दव घालवणाऱ्या तारांवरून ब्लेड फिरलं तर त्या तुटतात. एवढं करून कायदा तिथंही ७० टक्केच मागतो. मी बहुतेकांना ती काच उघडीच ठेवायला सांगतो.

रात्रीचं बोललंच पाहिजे. कारंजा-मानोरा पट्ट्यात रोही, म्हणजे नीलगाई, रस्त्यावर येतात. समृद्धी महामार्गाला कुंपण आहे, पण तिथून उतरलं की गावापर्यंतचा रस्ता अंधारा. वळणावर रोही बाजूच्या काचेतून आधी दिसतो, समोरून नंतर. गडद काचेच्या गाडीत तो दिसतच नाही. वीस टक्क्यांची फिल्म मागणाऱ्याला मी याच कारणानं परत पाठवतो, मग तो कितीही ओळखीचा असो.

दुकानात जायचं ठरलं तरी कुठल्याही दुकानात जाऊ नका. फिल्म लावण्याआधी तुमच्या काचेवर मीटर लावून आकडा दाखवतो का, लावल्यावर पुन्हा मोजतो का, बिलावर कंपनीचं नाव आणि टक्के लिहून देतो का, हे विचारा. मीटर नसलेल्या दुकानदारात आणि घरी लावणाऱ्या पोरात हाताच्या सफाईचाच फरक उरतो. गुणाकार दोघांनीही केलेला नसतो. ज्याला हातानं करायची हौस आहे, त्यानं फक्त मोजणी माझ्याकडून करून न्यावी आणि दाराच्या काचा घरी लावाव्यात. मी त्याचे पैसे घेत नाही.

लावून झाली की उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात निदान आठवडाभर काच खाली करू नका. मी गाडी देताना दाराच्या बटनांवर चिकटपट्टी मारूनच देतो, कारण ओळखीचं कुणी रस्त्यात दिसलं की हात सवयीनं बटनाकडे जातो.