गुणसुंदरी आणि काडीमोड

मूकपटांचे दिवस : लेखांक 7

1919 साली अमेरिकेत सेसिल बी. डमिल या दिग्दर्शकाचा ‘डोन्ट चेंज युअर हजबंड’ हा मूकपट आला. त्यातला नवरा सरसाच्या धंद्यात गबर झालेला. त्याला कच्चा पातीचा कांदा खायची सवय, लग्नाचा वाढदिवस विसरायची सवय आणि बायको बोलायला लागली की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची सवय. बायकोचं काम ग्लोरिया स्वॉन्सन या गाजलेल्या नटीने केलं होतं. या सवयींना कंटाळून ती कोर्टातून घटस्फोट घेते आणि दुसऱ्याशी लग्न करते. दुसरा निघतो उधळ्या आणि बाहेरख्याली. इकडे पहिला नवरा मिशी उतरवतो, व्यायाम करतो, कपडे नीट घालायला लागतो आणि शेवटी ती त्याच्याकडे परत येते. मंचरच्या बाजार समितीत कांद्याच्या पिशव्या उतरवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना कांद्यापायी संसार मोडल्याची गोष्ट पटायची नाही. पण कांदा हे निमित्त आहे. आज बोलायचं आहे ते त्या कोर्टाबद्दल. गोष्टीच्या मध्यावर कोर्ट येतं, कागद होतो, बाई मोकळी होते, म्हणून पुढची गोष्ट घडू शकते.

दुसऱ्याच वर्षी, 1920 मध्ये, डमिलने हीच गोष्ट उलटी फिरवली आणि ‘व्हाय चेंज युअर वाइफ’ काढला. पुन्हा ग्लोरिया स्वॉन्सन. या वेळी बायको कडक शिस्तीची, डोळ्यांवर चष्मा, अंगभर साधे कपडे, नवऱ्याला सदा उपदेश. नवरा दुकानात बायकोसाठी तलम कपडा घ्यायला जातो आणि तिथे कपडे घालून दाखवणाऱ्या मुलीच्या नादी लागतो. घटस्फोट होतो, तो त्या मुलीशी लग्न करतो. मग एके दिवशी शेजारच्या आडोशामागून दोन बायका आपल्या गबाळ्या कपड्यांबद्दल बोलतायत हे पहिल्या बायकोच्या कानावर पडतं. त्या संतापात ती नखशिखान्त बदलते. नवरा तिला पुन्हा भेटतो, पुन्हा भुलतो, आणि चित्रपट संपतो तेव्हा दोघांचं एकमेकांशीच दुसऱ्यांदा लग्न झालेलं असतं.

मागच्या काही लेखांकांत आपण मुंबई आणि कोल्हापूरच्या मूकपटांबद्दल बोललो. त्या काळी मुंबईच्या थिएटरांत परदेशी चित्रपटांचंच राज्य होतं आणि त्यातले बहुतेक अमेरिकन असत. आपले निर्माते ते पाहत होते, प्रेक्षक कशावर खूश होतात हे टिपत होते. अशा वेळी 1927 मध्ये चंदुलाल शहांचा ‘गुणसुंदरी’ आला. जाहिरातीत त्याचं इंग्रजी नाव होतं ‘व्हाय हजबंड्स गो अ‍ॅस्ट्रे’, म्हणजे नवरे वाट का सोडतात. डमिलच्या नावांशी त्याचं नातं लपत नाही. चंदुलाल शहा शेअर बाजारातून चित्रपटात आलेले. माणसाला काय हवं आहे हे त्यांना पटकन कळायचं. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या गर्दीत त्यांनी आजच्या शहरातलं, आजचे कपडे घातलेलं घर पडद्यावर आणलं. गुणसुंदरीचं काम गोहर या नटीने केलं. पुढे 1929 मध्ये शहा आणि गोहर यांनी मिळून रणजित फिल्म कंपनी उभी केली.

गोष्ट अशी. गुणसुंदरी आदर्श सून आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत घर ओढते. दमलेला नवरा घरी येतो तेव्हा तीही दमलेली असते, आणि त्याच्या कामाच्या कटकटी ऐकायला तिच्यात त्राण उरलेलं नसतं. नवरा एका नाचणाऱ्या बाईकडे जायला लागतो. गुणसुंदरी रडत बसत नाही. तीही उंबरा ओलांडते, स्वतःला बदलते, नवऱ्याच्या बरोबरीची सोबतीण होते आणि त्याला परत आणते.

हे नाव गुजराती वाचकांना ओळखीचं होतं. गोवर्धनराम त्रिपाठींच्या ‘सरस्वतीचंद्र’ या कादंबरीतली गुणसुंदरी म्हणजे एकत्र कुटुंबाचा भार एकटीने पेलणारी गृहिणी. चंदुलाल शहांनी त्याच नावाच्या बाईला घराबाहेर पाऊल टाकायला लावलं. 1927 साली हे धाडसच होतं आणि त्याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं.

आता ‘व्हाय चेंज युअर वाइफ’ आणि ‘गुणसुंदरी’ शेजारी ठेवून बघा. नवरा तोच, कंटाळा तोच, तिसरी बाई तीच, बायकोचं बदलणंही तेच. अमेरिकन गोष्टीत मध्ये घटस्फोट आहे, आपल्या गोष्टीत नाही. अमेरिकन बायको बदलते तेव्हा ती त्या माणसाची बायको राहिलेलीच नसते. परत यायचं की नाही हे तिच्या हातात असतं. गुणसुंदरीच्या हातात तसं काही नाही. ती बदलते कारण तिला दुसरी वाटच नाही. नवरा परत आला नसता तर तिने काय केलं असतं, हा प्रश्न चित्रपट विचारू शकत नव्हता, कारण कायद्यात त्याचं उत्तर नव्हतं.

1927 साली मुंबई इलाख्यात पारशांसाठी 1865 पासून घटस्फोटाचा कायदा होता. ख्रिश्चनांसाठी 1869 पासून होता. मुसलमानांत तलाक होता. हिंदूंसाठी मात्र शास्त्राने लावलेलं लग्न मोडण्याचा कायदा नव्हता. नवऱ्याने दुसरी, तिसरी बायको केली तरी कायद्याची हरकत नव्हती. बाईला मरेपर्यंत तोच नवरा. डॉ. रखमाबाईंचा खटला बहुतेकांना माहीत आहे. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, त्यापेक्षा तुरुंगात जाईन, असं त्या मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर ठामपणे म्हणाल्या. 1884 मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण 1888 मध्ये मिटलं, तेही कायद्याने सुटका दिली म्हणून नाही. त्यांचे नवरे दादाजी यांनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला म्हणून मिटलं.

इथे आपल्या भागातला वाचक मला थांबवेल आणि विचारेल, मग काडीमोड काय होता? बरोबर आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पाट, मोहतूर, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. दख्खनच्या अनेक कष्टकरी जातींत नवरा-बायकोचं पटेनासं झालं की पंच बसायचे, दोन्हीकडचं ऐकायचे, पंचांसमोर काडी मोडली की नातं मोडलं. बाई मोकळी. तिने पुढे पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, की नव्या नवऱ्याने जुन्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा, असाही रिवाज बऱ्याच ठिकाणी होता. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा करून 1827 मध्ये पुस्तक छापलं, त्यात पाटाच्या आणि सोडचिठ्ठीच्या रिवाजांची नोंद आहे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातल्या बाईला जे स्वातंत्र्य नव्हतं, ते घोडनदीच्या काठावर खुरपणी करणाऱ्या बाईला थोडंफार होतं.

थोडंफारच म्हणतो, कारण या रिवाजाला सोन्याचा मुलामा द्यायची माझी तयारी नाही. पंच सगळे पुरुष. पैशांचा व्यवहार पुरुषापुरुषांत. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे, सवाष्णींच्या कार्यात तिला मागे बसवत. तरीही मारझोड करणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यापासून सुटायची वाट होती आणि बायका त्या वाटेने जात होत्या.

इंग्रजी न्यायालयाने ती वाट अरुंद केली. 1876 मध्ये शंभू रघू याच्यावरच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही. पंचांनी मोकळी केलेली बाई सरकारच्या लेखी मोकळी नाही, असा याचा अर्थ. ज्यांच्यात घटस्फोट नव्हता त्यांना तो मिळाला नाहीच, आणि ज्यांच्यात होता त्यांच्या पंचांचा शब्द कोर्टात टिकेना. लग्न कोणी लावायचं यावरून याच भागात, ओतूरमध्ये, मोठी लढाई झाली होती. सत्यशोधक बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीविना लग्न लावलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी होते. लग्न लावण्याच्या हक्काची ही लढाई आपल्याकडे निदान आठवली तरी जाते. लग्न मोडण्याच्या हक्काबद्दल कोणी बोलत नाही.

आणि ही काडीमोडाची गोष्ट, पंचांपुढे उभी राहून नवरा सोडणाऱ्या बाईची गोष्ट, ‘गुणसुंदरी’च्या घाटाच्या सामाजिक मूकपटांनी पडद्यावर आणली नाही. बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढून शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आणलं. गाव दिसलं, जमीन गेलेली दिसली. पण संसाराचे चित्रपट काढायला बसले की मुंबईचे निर्माते पांढरपेशा दिवाणखान्यातून बाहेर पडेनात. मला हे त्या काळच्या चित्रपटांचं सर्वांत मोठं अपुरेपण वाटतं. सुटकेची वाट दाखवणारी देशी गोष्ट हाताशी होती आणि त्यांनी ती पाहिली नाही.

दोन्ही चित्रपटांतल्या त्या तिसऱ्या बाईबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेत ती दुकानातली नोकरदार मुलगी, आपल्याकडे नाचणारी. नवऱ्याचा कंटाळा घालवायला ती गोष्टीत येते आणि बायकोचा विजय झाला की तिला बाहेर काढलं जातं. तिचं पुढे काय झालं हे कोणी सांगत नाही. मंचरपासून नारायणगाव फार लांब नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. नाचणाऱ्या बाईलाही घर असतं, मुलं असतात, म्हातारी आई असते, हे या भागातल्या लोकांना सांगायला नको. म्हणून ‘गुणसुंदरी’सारख्या गोष्टीचा गोड शेवट आपल्याला तरी निम्माच गोड वाटायला हवा.

पडद्यावर जे आलं नाही ते पडद्यामागे मात्र घडत होतं. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पार्वतीचं काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत भारतीय चित्रपटातल्या पहिल्या अभिनेत्री. त्यांची मुलगी कमलाबाई त्याच चित्रपटात मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला एकटीने वाढवणाऱ्या. नाटकात-चित्रपटात काम करणं म्हणजे बदनामी पत्करणं, अशा काळात त्यांनी पोट भरण्यासाठी रंगभूमी धरली. म्हणजे आपल्या चित्रपटाची पहिली अभिनेत्री संसार सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मराठी बाई होती. कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. गोखल्यांच्या घराण्याचं कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. दुर्गाबाईंच्या हिमतीचं कौतुक त्याच्याआधी व्हायला हवं.

1931 मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलायला लागला. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्याने आणखी सोळा वर्षं घेतली. या मधल्या काळात, 1937 मध्ये, पुण्याच्या प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. ‘सावकारी पाश’ही त्यांच्याच लेखणीतला. फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते. शांता आपट्यांनी ही नीरा अशी उभी केली की ‘गुणसुंदरी’च्या दहा पावलं पुढे गेली. ती नवऱ्याला जिंकायला बदलत नाही; बदलतो नवरा. पण शेवटी तिची सुटका कशी होते? म्हातारा जीव देतो आणि तिने पुन्हा लग्न करावं अशी इच्छा मागे ठेवतो.

हा शेवट अनेकांना नाटकी वाटतो. मला तो कायद्याच्या हिशेबाने अगदी अचूक वाटतो. 1856 पासून हिंदू विधवेला पुनर्विवाह करता येत होता, सधवेला घटस्फोट घेता येत नव्हता. नीराला कायद्याने मोकळं करायचं तर कथालेखकाला नवऱ्याला मारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एका चांगल्या माणसाचा जीव घेतल्याशिवाय एका चांगल्या बाईची सुटका होत नाही, इतका तो कायदा क्रूर होता.

मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला 1947 मध्ये. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला 1955 मध्ये, आणि त्याच्या 29 व्या कलमाने रूढीने चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला. पंचांसमोरच्या काडीला इतक्या वर्षांनी संसदेने जागा दिली. रूढी सिद्ध करायची जबाबदारी मात्र ती सांगणाऱ्यावर राहिली. परस्पर संमतीने वेगळं होण्याची तरतूद यायला 1976 उजाडलं.

‘गुणसुंदरी’ आज पाहायला मिळत नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीससुद्धा उरले नाहीत. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची, आणि चांदी काढायला भंगारातही जायची. म्हणून या चित्रपटांची माहिती उरली आहे ती छायाचित्रांत, जाहिरातींत आणि थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या चार-आठ पानी पुस्तिकांत.

तेव्हा एक विनंती. घरातल्या माळ्यावर, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एखादी जुनी चित्रपटाची पुस्तिका, हँडबिल, तंबूतल्या खेळाचं तिकीट सापडलं तर रद्दीत देऊ नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे दाखवा. त्याच पेटीत पंचांच्या सह्या-अंगठ्यांचा सोडचिठ्ठीचा किंवा फारकतीचा कागद निघाला, तर घरची लाज म्हणून तो फाडू नका. नावं झाका, पण कागद जपा आणि त्याची एक प्रत या लेखमालेच्या पत्त्यावर पाठवा.