बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

सोलरवर चार्ज होणारी नवी बॅटरी वीज गेल्यावर अर्ध्या तासात बंद पडली, की दोष तिच्यावरच येतो. माझं मत ठाम आहे: आधी वायरिंग आणि सेटिंग तपासावं. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 1000 वॅटचा लोड टाकला, की इन्व्हर्टरमधली घट धरून साधारण 90 अँपिअर करंट वाहतो. त्याच्या वाटेत केवळ 0.01 ओहमचा रोध आला, म्हणजे बारीक केबल, सैल लग किंवा टर्मिनलवर गंज असला, तरी 0.9 व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरीवर 11.4 व्होल्ट असतात, इन्व्हर्टरला 10.5 दिसतात आणि कट-ऑफ तिथेच असेल तर तो बंद पडतो. म्हणून लोड चालू असतानाच बॅटरी आणि इन्व्हर्टर, दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. लोड नसताना हा फरक दिसतच नाही!

'जुन्या बॅटरीवर हाच इन्व्हर्टर नीट चालायचा,' असं कोणी म्हणेल. पण जुनी लेड-ॲसिड आणि नवी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल, तर तुलना लागू पडत नाही. चार सेलच्या लिथियम बॅटरीची चार्जिंगची कमाल मर्यादा साधारण 14.6 व्होल्ट असते; चार्जरमध्ये लेड-ॲसिडसाठीचं, त्याहून जास्त व्होल्टेजचं इक्वलायझेशन सुरू राहिलं, तर लिथियम बॅटरीचं बीएमएस, म्हणजे तिचं संरक्षक सर्किट, चार्जिंग तोडतं. शिवाय डिस्चार्जच्या बऱ्याच टप्प्यात तिचं व्होल्टेज 13.2च्या आसपास स्थिर राहतं, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून दाखवलेली टक्केवारी फसवी असते. बॅटरी खरंच खराब असू शकते, हेही मान्य. पूर्ण चार्ज करूनही माफक लोडवर थेट तिच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज झरझर कोसळलं, तर त्याच नोंदी घेऊन वॉरंटी मागा.