अंधारात हवा तापवली कुणी?

घरात सायकलचा पंप आहे? मग टायरमध्ये जोरजोरात वीस-पंचवीस वेळा हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला बोट लावून बघा. गरम लागतं ना? तिथं ना विस्तव, ना ऊन. हवा दाबली गेली की तापते! एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता चला बर्लिनला. साल १९५२, ऐन हिवाळा. रिखार्ड शेरहाग नावाचे हवामानशास्त्रज्ञ तिथं मोठमोठे फुगे आकाशात सोडायला लावत. फुग्याला टांगलेली पेटी वर जाता जाता तिथलं तापमान रेडिओवरून खाली कळवायची. एव्हरेस्टच्या तिपटीहून जास्त उंचीवर, स्थितांबर नावाच्या हवेच्या थरात, हिवाळ्यात हवा गारठलेली असते. पण एकाएकी आकडे भलतेच यायला लागले. तिथली हवा दोन-तीन दिवसांत भराभर तापली होती! आता आपल्याला ठाऊक आहे, की अशा वेळी पारा आठवड्याभरात ४०-५० अंशही चढतो. तोही उत्तर ध्रुवाच्या आसपास, जिथं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. मग चूल पेटवली कुणी?

पेटवली डोंगरांनी. म्हणजे आपल्या हिमालयानं आणि अमेरिकेतल्या रॉकीनंसुद्धा! पश्चिमेकडून येणारा वारा या डोंगररांगांवर आदळतो, वळसे घेतो आणि त्याला लाटा पडतात. थंड जमीन आणि उबदार समुद्र यांच्यातला फरकही त्यात भर घालतो. लाटा केवढ्या? अख्ख्या पृथ्वीला वेढा घालतील आणि त्या वेढ्यात एक किंवा दोनच उंचवटे मावतील, एवढ्या!

या लाटा वर चढतात. वर हवा विरळ होत जाते, तशी लाट मोठी होते. आसूड आठवा. मुठीशी जाड, टोकाला बारीक. हात जरासा हलतो, पण कडाडतं ते टोक. तशीच ही लाट वर जाऊन फुटते. ध्रुवाभोवती गरगरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याला तिचा लगाम बसतो, तो मंदावतो आणि ध्रुवावरची हवा खाली बसते. खाली बसली म्हणजे दाबली गेली, आणि दाबली गेली म्हणजे... तुमचा पंप! हे कोडं जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये गणितानं उलगडलं. मला तर ते गणित कुठल्याही जादूपेक्षा भारी वाटतं.

उन्हाळ्यात हे होत नाही. तेव्हा स्थितांबरातले वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात आणि या लाटांची वरची वाटच बंद होते.

दक्षिण ध्रुवाकडे समुद्रच जास्त, डोंगर कमी, म्हणून लाटाही दुबळ्या. तरी सप्टेंबर २००२ मध्ये तिथला भोवरा फाटला आणि त्याच्यासोबत तिथल्या ओझोन वायूच्या थरातल्या भोकाचेही दोन तुकडे झाले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तरेकडचा भोवरा असाच दुभंगला. वरच्या या उलथापालथीचा परिणाम हळूहळू खाली जमिनीपर्यंत पोचला आणि दोनेक आठवड्यांत पूर्वेकडून बोचरे वारे युरोपात घुसले. २६ तारखेला रोममधली मुलं उठून बघतात तो काय, रस्ते पांढरेशुभ्र आणि शाळेला सुट्टी!