समृद्धीवर गाडी पळवताय? रडार डिटेक्टर घेण्याआधी हा हिशेब करा

जालन्याच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, धंद्याची गाडी आहे, समृद्धीवर येणं-जाणं असतं. रडार डिटेक्टर कोणता घ्यावा?" व्हिडिओमध्ये दोन मिनिटांत उरकलं होतं, इथे जरा सविस्तर बोलू.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या. रडार डिटेक्टर म्हणजे एक रिसीव्हर. पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या यंत्रातून रेडिओ लहरी निघतात, त्या पकडून तो "टी टी" वाजतो. के बँड म्हणजे साधारण 24 गिगाहर्ट्झ, केए बँड म्हणजे 33 ते 36 गिगाहर्ट्झ, असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. जिथे पोलीस सगळीकडे रडार गन वापरतात, तिथे त्याचा काहीतरी उपयोग. आपल्याकडे इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते. लेझरचा झोत 300 मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो, आणि एका सेकंदाच्या आत वेग मोजून होतो. डिटेक्टर वाजला याचा अर्थ "सावध व्हा" असा नसतो, "फोटो निघाला" असा असतो!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वेग मोजायला आता लहरी सोडायचीही गरज राहिली नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. एका कमानीखाली नंबर प्लेट वाचली, पुढच्या कमानीखाली परत वाचली, मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागलं, की सरासरी वेग आला. यात पकडायला सिग्नलच नाही, तर डिटेक्टर काय पकडणार? मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीची सोयच करून ठेवली आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे असे कॅमेरे जिथे आहेत तिथे आधी सूचना फलक लावायचा असतो. म्हणजे जी माहिती फलकावर फुकट मिळते, तिच्यासाठी तुम्ही हजारो रुपये मोजताय.

वरून खोटे अलार्म. नव्या गाड्यांच्या मागच्या बंपरमधले ब्लाइंड स्पॉट सेन्सर, मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे, यातले बरेच 24 गिगाहर्ट्झवरच चालतात. शंभरदा उगाच वाजलं की ड्रायव्हर आवाज बंद करतो. आणि डिटेक्टरच्या नावाखाली कुणी जॅमर गळ्यात मारत असेल तर हात जोडून नको म्हणा. खासगी माणसाने जॅमर वापरणं आपल्याकडे बेकायदाच आहे. अमेरिकेत साधा डिटेक्टर कारमध्ये बऱ्याच राज्यांत चालतो, पण मोठ्या व्यावसायिक ट्रकमध्ये तिथेही बंदी आहे.

आता धंद्याचा हिशेब. जालना जिल्ह्यातून समृद्धीचा सुमारे 42 किमीचा पट्टा जातो, जालना आणि बदनापूर तालुक्यांतून. तिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, मालवाहू गाडीला 80. शिवाय 1 ऑक्टोबर 2015 नंतर बनलेल्या मालवाहू गाडीला कंपनीतूनच 80 चा स्पीड गव्हर्नर येतो. म्हणजे तुमची पिकअप गाडी कायद्याने 80 च्या वर जाऊच शकत नाही. काहीजण गव्हर्नरशी छेडछाड करून घेतात आणि मग फिटनेसच्या वेळी आरटीओत हेलपाटे मारतात. तो नाद नको.

समजा घनसावंगीकडची मोसंबी घेऊन तुमची गाडी संभाजीनगरच्या मार्केटला निघाली. जालन्यापासून पुढचं अंतर धरा 60 किमी. ताशी 80 ने 45 मिनिटं, ताशी 100 ने 36 मिनिटं. फरक 9 मिनिटांचा, तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. मार्केटच्या गेटवर गाडी लागायला याहून जास्त वेळ जातो की नाही सांगा! आणि दंड? हलक्या वाहनाला 1000 ते 2000, मध्यम आणि जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये. चलान येतं गाडीच्या मालकाच्या नावावर. चालवली ड्रायव्हरने, मेसेज तुमच्या मोबाईलवर. खेपेला जेमतेम दीड-दोन हजार सुटत असतील तर एका चलानात ती खेप फुकट गेली.

मालकाला खरं तर वेगळीच गोष्ट हवी असते. पोलीस कुठे उभे आहेत याच्यापेक्षा आपली गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे, हे त्याला कळलं पाहिजे. त्यासाठी जीपीएस ट्रॅकर. घेताना विचारा: ओव्हरस्पीडचा अलर्ट स्वतः सेट करता येतो का? वायर काढली तर आतल्या बॅटरीवर किती वेळ चालतो? जुना रूट किती महिने साठवतो? पहिल्या वर्षानंतर सिम आणि सॉफ्टवेअरचे किती पैसे? शेवटचा प्रश्न दुकानदार टाळतो, म्हणून तोच आधी विचारा. अलर्ट 75 वर ठेवा. पण ड्रायव्हरला सांगून बसवा. लपवून बसवला तर विश्वास जातो, आणि चांगला ड्रायव्हर मिळणं आजकाल सोपं राहिलेलं नाही.

पैसे उरले तर डॅशकॅम. धडक झाली की मोठ्या गाडीची चूक असं लोक धरूनच चालतात, तिथे रेकॉर्डिंग बोलतं. आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात घ्या. बंद केबिनमध्ये लिथियम बॅटरी फुगते, म्हणून सुपरकपॅसिटरवाला कॅमेरा मागा. मेमरी कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं घ्या, साधं कार्ड सततच्या रेकॉर्डिंगने लवकर खराब होतं. रात्री समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, हे दुकानातच फुटेज लावून बघा. आणि सगळ्याचं पक्कं जीएसटी बिल.

ज्यांना कार अॅक्सेसरीजचं दुकान टाकायचंय त्यांच्यासाठी एक शब्द. डिटेक्टर स्टॉकला ठेवू नका. एकदा विकला की गिऱ्हाईक चलान घेऊन परत तुमच्याच काउंटरवर येणार: "तुम्ही तर म्हणला होतात वाजेल!" ट्रॅकरचं उलट आहे. बसवण्याची मजुरी मिळते आणि दरवर्षी रिन्यूअलला तेच गिऱ्हाईक परत येतं. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांचा माल वाहणारे आहेत, बियाणं पोचवणारे आहेत. अशा दहा मालकांची यादी करा आणि एकाच्या एका गाडीवर महिनाभर फुकट बसवून द्या. महिन्याने डिझेलचा खर्च त्याला स्वतःच काढायला सांगा, मगच दुसऱ्या गाडीचा विषय काढा.